आईला शिव्या कोण देतं?

सोल्वेझीकडे नोकरी माणसाला मिळत नाही, कागदाला मिळते. माणूस नुसता तो कागद धरून उभा असतो. नव्या खाणीच्या फाटकावर पाटी होती: भरती फक्त स्थानिकांची, आणि स्थानिक म्हणजे ज्याच्याकडे आपल्या गावच्या मुखियाचं शिक्क्याचं पत्र आहे तो. शेवटची तारीख, येता शुक्रवार. तांब्याच्या पट्ट्यातली लुआन्श्याची खाण बंद पडल्यापासून चौदा महिने घरी बसलेल्या काबासोनं ती पाटी तीनदा वाचली. तो क्रेनचा मेकॅनिक होता. सोळा वर्षांचं काम हातात होतं, दाखले होते, जुन्या साहेबाची चिठ्ठी होती. मुखिया तेवढा नव्हता. खाणीच्या वसाहतीत जन्मलेल्या माणसाला कुठला आलाय मुखिया? तिथं नुसते घरांना नंबर असतात.

"अरे, गाव नसलं तर गाव करायचं," फ्रॅकसन म्हणाला. फ्रॅकसन त्याचा लुआन्श्याचा शेजारी, सहा महिन्यांपूर्वीच इकडे येऊन एका कंत्राटदाराकडे रखवालदार झालेला. दुसऱ्याला अक्कल वाटण्यात तो पहिल्यापासून उदार. "काजोबाच्या गावी जा. मुखिया अळंबी कुळाचा आहे. सांग, माझी आई अळंबी कुळातली, आजी इथलीच, नवऱ्यामागं तांब्याच्या पट्ट्यात गेली. कूळ आईकडून येतं. आई अळंबी म्हणजे तू अळंबी, आणि तू अळंबी म्हणजे मुखियाचा भाचा. मामा भाच्याला पत्र नाही देणार तर कुणाला देणार?"

"आणि म्हणाला, आईला बोलव, तर?"

"मेली म्हणून सांग. मेलेल्याला कोण फोन लावतंय?"

काबासोची आई काही मेली नव्हती. ती लुआन्श्यात, त्याच्याच घराच्या पायरीवर बसून भुईमूग सोलत होती. ती लुआपुला नदीकाठची, पाऊस कुळातली. घरात ती, बायको आणि दोन मुली. बायको रस्त्यावर टोमॅटोची रास मांडून बसायची आणि त्यावर पाच तोंडं चालायची, त्यातलं एक काबासोचं, हेच त्याला जास्त खुपायचं. फी नाही म्हणून थोरलीची शाळा सुटली होती. निघताना तिनं विचारलं होतं, "बाबा, तिथं शाळा आहे ना?" आणि तो "आहे तर!" म्हणाला होता, जणू खिशातच घेऊन चाललाय.

रविवारी सकाळी एक कोंबडी आणि साखरेची पिशवी घेऊन तो काजोबाच्या अंगणात गेला. गुडघे टेकले, हळू टाळ्या वाजवून नमस्कार केला. मुखिया काजोबा सत्तरीचा, काटकुळा माणूस. अर्ध्या चड्डीवर काळा कोट. मांडीशी बिस्किटांचा जुना डबा, सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेला. शिक्का त्यात असतो हे पाहणाऱ्याला लगेच कळायचं, कारण बोलताना त्याचा हात त्या डब्यावरून हलत नसे.

काबासोनं पढवलेलं सगळं सांगितलं. "आई गेली हो, मामा. तीन वर्षं झाली," हेही सांगितलं. शब्द तोंडातून गेला आणि त्याच्या जिभेवर राखेसारखी चव राहिली. त्यानं खाली मान घातली. पाहणाऱ्याला ते दुःख वाटलं असेल.

"या वर्षी माझ्याकडे एकोणतीस भाचे आले," मुखिया म्हणाला. "मला एवढ्या बहिणी नाहीत. बरं, मी कुणाला नाही म्हणत नाही. माझी थोरली बहीण म्हणते. एनेलिया. इथून गेलेली एकूणएक बाई तिला पाठ आहे. उद्या दुपारी तिच्याजवळ बस. ती हो म्हणाली की शिक्का."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर कोंबडी परत मिळत नाही," मुखिया म्हणाला, आणि स्वतःच हसला.

गावात त्याला खोली मिळाली ती लव्हनेस नावाच्या विधवेकडे. बाई चाळिशीची, झाडाच्या मुळ्यांचं मुंकोयो नावाचं आंबूस पेय करून विकणारी, जिभेनं सुरी. तिनं त्याच्यापुढं कसाव्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्शिमा आणि सुकी मासळी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अळंबी ना तुम्ही, पाहुणे? मग एवढे सुकलेले कसे? आमच्याकडच्या अळंब्या चांगल्या टरारलेल्या असतात." तो हसला. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्याला तर न खाताच खवखवत होतं.

सोमवारी दुपारी तो एनेलियाच्या झोपडीपुढं चटईवर जाऊन बसला. म्हातारी शेंगा निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, दात बहुतेक गेलेले. तिनं शेंगा बाजूला सारल्या, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. इकडून तिकडून जाणारे येणारे ते पाहत होते.

"आजीचं नाव?"

त्यानं पढवलेलं नाव सांगितलं.

"कुठल्या ओढ्याचं पाणी प्यायची?"

तेही फ्रॅकसननं सांगून ठेवलं होतं. म्हातारी हं म्हणाली. मग कोंबड्या कशा आहेत असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "बरं, तुझ्या आईला शिव्या कोण द्यायचं रे?"

हे विचारल्याबरोबर काबासोला लुआन्श्याचा बाजार दिसला. प्रत्येक कुळाचं एक थट्टेचं कूळ असतं, तसं त्याच्या आईचंही होतं. भोपळे विकणारी एक दांडगी बाई आईला लांबूनच हाक मारायची, "आलीस का गं पावसाबाई, चिखल करायला?" त्यावर आई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, ढिगातला सगळ्यात मोठा भोपळा उचलायची आणि एक पैसा न देता चालायला लागायची. ती बाई नुसती बोंब मारायची. अडवता यायचं नाही. थट्टेच्या सोयऱ्यानं घातलेल्या शिवीचा राग धरायचा नसतो, मागेल ते नाकारायचं नसतं, आणि मेल्यावर मूठमाती द्यायलाही पहिला तोच लागतो. आईला तोंड भरून हसताना काबासोनं पाहिलं ते तेवढंच, त्या भोपळ्याच्या वाटेवर. पुढं ती बाई वारली. आईला शिव्या देणारं कुणी उरलं नाही.

"बाजारात अळंबी कुळातली एक बाई होती," तो म्हणाला. त्याला बरंही वाटलं, इतक्या वेळात पहिलंच खरं वाक्य बोलला म्हणून.

म्हातारीचे हात थांबले. मग ती हसू लागली. आधी नुसते खांदे, मग पोट, मग खोकला. सून आतून पाणी घेऊन धावली. डोळे पुसत एनेलिया म्हणाली, "जा आता. उद्या ये. उद्या सांगते."

लव्हनेसच्या घराच्या वाटेवर एक डोक्याएवढं उंच वारूळ होतं. त्याच्यापाशी काबासोचे पाय एकदम थांबले. अळंबीला अळंबी शिव्या देत नाही. अळंबीला शिव्या देतो पाऊस. आणि अळंबी शिव्या देते ती पावसाला. म्हातारीनं आजी विचारली, ओढा विचारला, ते सगळं नुसतं बोलण्यात गुंतवायला. खरा प्रश्न एकच होता, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं आपलं कूळ तिच्या हातात ठेवलं होतं. त्याची पाचावर धारण बसली. उद्या ती भावाला सांगणार, मुखिया चारचौघांत त्याला उभा करणार, एकोणतीस भाच्यांचा राग एकट्यावर काढणार. पत्र तर गेलंच. पळून जावं, असं त्याला वाटलं. पण पळून जायचं कुठं? लुआन्श्याला, टोमॅटोच्या राशीमागं?

मंगळवारी उजाडता उजाडता बायकांचा हंबरडा ऐकू आला. लव्हनेस दारातूनच ओरडली, "एनेलिया गेली! झोपेतच गेली!"

काबासोच्या मनात पहिला शब्द आला तो "सुटलो." एका म्हातारीच्या मरणावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या क्षणाला स्वतःचीच किळस आली. या चौदा महिन्यांनी आपलं काय करून ठेवलंय ते त्याला तेव्हा दिसलं. आठवड्यात दोन बायका मारल्या, एक तोंडानं आणि एक मनात. त्यानं तोंड धुतलं, आणि सुतकी माणसांत जाऊन बसला. भाचाच होता ना तो. बसावंच लागलं.

दुपारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की चटईवर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात जागा मोकळी आहे. कुणी आलं की तिथं बसायला जायचं, त्याचा चेहरा बघायचं आणि दुसरीकडे बसायचं.

"काय म्हणतायत हो गावात?" त्यानं लव्हनेसला चुलीपाशी विचारलं.

ती एरवी कधी आवाज खाली आणत नसे. आता आणला. "म्हणतायत, पट्ट्यातला माणूस आला, म्हातारीचा हात धरून बसला, आणि सकाळी म्हातारी गार. म्हणतायत, ती एकटीच सांगू शकत होती हा कोण आहे ते. आता कोण सांगणार? जिकुबी तर उघडच म्हणतोय." जिकुबी हा एनेलियाचा धाकटा मुलगा, तिशीचा, कोळसा पाडणारा, बैलाच्या मानेचा.

"ताई, मी काही नाही केलं."

"मला नका सांगू. मी कुठं पेटी उचलणाराय?"

"कसली पेटी?"

लव्हनेसनं लाकूड चुलीत सारलं. "मेलेलं माणूस रागात असलं की प्रेताची पेटी चालते. पोरं खांद्यावर घेतात, ती नेईल तिकडे जातात. ज्याच्या अंगावर जाईल तो... दोन वर्षांमागं एकाचं घर जाळलं. माणूस वाचला, पण कसा वाचला ते विचारू नका. हे बघा पाहुणे, पळू मात्र नका. पळणाऱ्याला विचारतसुद्धा नाहीत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. तो परत जाऊन त्याच चटईवर बसला, दोन मोकळ्या जागांच्या मधोमध.

बुधवारी कबर खणून झाली. पण दफन होईना. एनेलिया अळंबी, तेव्हा कबरीत आधी पाऊस कुळातल्या कुणीतरी उतरून झोपायला हवं होतं. त्यानं मेलेलीला शिव्या द्यायच्या, रडणाऱ्यांना हसवायचं, मोल मागायचं आणि मगच बाहेर यायचं. त्याशिवाय पेटी खाली सोडली तर मेलेलं माणूस फुरंगटून जातं आणि घरातल्या एकेकाला हाक मारत राहतं. आसपासच्या पाचसहा गावांत हे काम करणारा एकच म्हातारा होता, त्याला दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीनं लुसाकाला नेलं. मुखियानं चार सायकली चार दिशांना पाठवल्या. दुपारी त्या रिकाम्या परत आल्या.

मुखिया उठून उभा राहिला. "इथं पाऊस कुळातलं कुणी आहे का?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "आईकडून असो, आजीकडून असो. कुठल्याही मुलखातला असो. असेल तर आजच बोला."

माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. काबासो आपल्या बोटांकडे बघत होता. मी आहे, एवढे दोनच शब्द. पण ते बोलले की त्यामागून बाकीचं सगळं आलंच: मी खोटा, माझं पत्र खोटं, आणि म्हातारीला ते कळलं होतं. म्हणजे मग तिला मारायचं कारणही माझ्याकडेच होतं. गावाला एवढं एकच कारण हवं होतं. तो गप्प राहिला. मुखियानं पुन्हा एकदा विचारलं, कुणाकडेही न बघता, आणि खाली बसला.

गुरुवारी सकाळी जिकुबी सगळ्यांसमोर आला. "पाऊस नाही, ठीक आहे. मग आईलाच विचारू या तिला कुणी धाडलं. पेटी उचला."

"पोलिसांची मनाई आहे," मुखिया म्हणाला.

"पोलीस सोल्वेझीत आहेत, मामा. आई इथं आहे."

मुखियाचा हात कोटाच्या खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. सहा पोरांनी पेटी खांद्यावर घेतली. आधी ती नुसती डुलत होती. मग पुढं गेली, मागं आली, आंब्याच्या झाडांखाली फिरली, बायकांच्या चुलींपाशी गेली. बायका मुलांना पोटाशी धरून मागं सरकल्या. मग पेटी धावत सुटली ती लव्हनेसच्या घराकडे, जिथं काबासोची पिशवी होती. दारावर तिनं एक धडक दिली. दार मोडलं. लव्हनेस किंचाळली, "माझं घर आहे ते, मेल्यांनो!" आणि पेटी वळली.

आता ती पुरुषांच्या चटईकडे येत होती. काबासोच्या आजूबाजूची माणसं उठून गेली. तोही उठला, पण पाय पुढं की मागं हे ठरेना. पोरांचे डोळे पांढरे झाले होते, तोंडाला फेस होता, आणि त्यांच्या मागं जिकुबी होता, हातात फावडं घेऊन. दहा पावलं. सात. काबासोला आपल्या थोरलीचा आवाज ऐकू आला, बाबा, तिथं शाळा आहे ना. त्याला ओरडायचं होतं, मी नाही, मी नाही म्हणून. तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो आईचा आवाज, बाजारातला.

"ए अळंबे! कुठं निघालीस गं मला सोडून?"

पेटी थांबली नाही. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि ती लाकडाची कड छातीवर घेतली. दम कोंडला. तरी तो ओरडतच राहिला, त्याच्या आईच्या बोलीत, अर्धं रडत. "दोन दिवस ऊन लागलं की काळी पडणारी जात तुझी! मी येतो म्हणून उगवतेस आणि मलाच शोधायला निघालीस? वारुळावरची टोपी! कुजकी छत्री! ठेव खाली! आधी मी आत जाऊन बघतो तुझ्यासारखी ढब्बी मावतेय का!"

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी खुदकन हसली. तिच्या मागून आणखी एक. पेटीखालच्या एका पोराचे गुडघे वाकले आणि पेटी हळूच जमिनीला टेकली.

"हा तर अळंबी ना?" जिकुबी म्हणाला. फावडं अजून वरच होतं. "भाचा ना हा तुमचा?"

"नाही," काबासो म्हणाला. उभं राहणं जमेना म्हणून पेटीवर हात टेकून म्हणाला. "मी पाऊस. खोटं बोललो. पत्रासाठी. तुझ्या आईला सोमवारीच कळलं होतं. पण मी तिला काही केलं नाही. मी घाबरलो, दुसरं काही नाही केलं."

"खोटारडा!"

"थट्टेच्या सोयऱ्याला खोटारडा म्हणायचा हक्क आहे तुला," मुखिया मध्ये येऊन म्हणाला. "हात लावायचा नाही. पाऊस आहे ना तो? मग कामाला लागू दे."

कबर सहा फूट खोल होती. तांबड्या मातीच्या भिंतींतून तुटलेल्या मुळ्या लोंबत होत्या. काबासो उतरला आणि वेताच्या चटईवर पाठ टेकून आडवा झाला. गारठा कपड्यातून आत आला. वर आकाशाची एक पट्टी उरली, तिच्या कडेनं डोकी. त्यांतलं एक जिकुबीचं. काबासोला वाटलं, आता यांनी नुसतं माती लोटायला सुरुवात केली तर? कुणाला कळणार? लुआन्श्यात कोण विचारणार? एक ढेकूळ सुटलं आणि त्याच्या छातीवर येऊन फुटलं. ते निसटलं की कुणी टाकलं हे त्याला कधीच कळलं नाही.

त्याला शिव्या द्यायच्या होत्या. आता एकही आठवेना.

"माग, पावसा!" वरून मुखिया म्हणाला. "मागितल्याशिवाय उठायचं नसतं. कोंबडी? बकरी?"

"पत्र," काबासो म्हणाला.

वर कुजबूज झाली. मुखिया कबरीच्या काठावर उकिडवा बसला. "देतो. आज मला नाही म्हणता येत नाही. काय लिहू तेवढं सांग. अळंबी लिहिलं, तर फाटकावर कुणी हटकणार नाही. पाऊस लिहिलं, लुआपुलाचा म्हणून लिहिलं, तर कारकून बाजूला टाकेल कदाचित. मी दोन्ही लिहायला तयार आहे. बोल."

अळंबी लिहा, हे अगदी ओठांवर आलं होतं. खोटं सांगायला नको, आलंच होतं. चार तोंडं, टोमॅटो, थोरलीची शाळा. एका शब्दानं सगळं सुटत होतं. पण तो पडला होता मेलेल्यांच्या जागेत, आणि त्याला एकाएकी वाटलं, या चटईवर रविवारी आपण आईला झोपवून गेलो होतो.

"माझी आई जिवंत आहे," तो खालून म्हणाला. "ते लिहा."

दोन हात खाली आले. एक मुखियाचा होता. दुसरा, माखलेला, दांडगा हात जिकुबीचा होता. दोघांनी त्याला वर ओढला, आणि म्हातारी आपल्या जागी गेली.

शुक्रवारी पहाटेची न्याहारी झाल्यावर मुखियानं त्याला अंगणात बोलावलं. बिस्किटांचा डबा उघडा होता. पत्र लिहून झालं होतं, मोठ्या, हलत्या अक्षरात. काबासोनं वाचलं:

"काबासो. कूळ पाऊस. आईचं मूळ गाव लुआपुलाकाठी. आई जिवंत आहे. माझ्या बहिणीच्या कबरीत हा तिच्या आधी झोपला. आमच्या जमिनीत झोपून उठलेला माणूस आम्ही इथलाच मानतो." खाली जांभळा शिक्का.

"मामा," काबासो म्हणाला आणि अडखळला. आता मामा कुठला?

"एनेलियानं सोमवारी संध्याकाळीच सांगितलं होतं मला," मुखिया म्हणाला. "म्हणाली, घरात पाऊस आलाय, अळंबीची टोपी घालून. एवढी हसलेय की बरगड्या दुखतायत. तू काही बोलू नकोस म्हणाली, उद्या मीच त्याची गंमत करणार. उद्या कसला!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि पेटी..."

"दोनदा विचारलं ना भर सभेत? मी तुझं नाव घेतलं असतं तर जिकुबी म्हणाला असता, मामानं सोंग उभं केलं. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं." मुखियानं डब्याला ट्यूब गुंडाळली. "मीही घाबरलो होतो रे. तू नसतास बोलला, तर मला ती पेटी थांबवता आली नसती. हे मी गावात कुणाला सांगणार नाही, तुला सांगतो. वेडा आहेस तू. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पहिल्या दिवशी येऊन 'ए अळंब्या, कागद काढ' म्हणाला असतास, तर शिक्काच काय, हा कोटसुद्धा काढून नेला असतास. मला हूं की चूं करता आलं नसतं. आता त्या मेलेल्या आईला फोन लाव. एनेलियाच्या वाटणीच्या शिव्या राहिल्यात."

आईनं फोन उचलला. काबासो काही बोलायच्या आत मुखियानं फोन ओढून घेतला. "ए पावसाबाई! मेलीस म्हणून ऐकलं होतं! एवढ्या लवकर कशी फुटलीस परत? चिखल करायला?"

पलीकडून असा आवाज आला की मुखियाला फोन कानापासून लांब धरावा लागला. ती हसत होती, त्याच्या बापाच्या बापाला कुजका म्हणत होती, कुठल्या भोपळ्याचं काहीतरी सांगत होती. इतक्या वर्षांच्या साठलेल्या शिव्या होत्या, त्या संपता संपेनात. काबासो तोंड फिरवून उभा राहिला.

फोन त्याच्याकडे आला तेव्हा तिचं हसू ओसरलं होतं. "काबासो, मी मेले असं त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

ती म्हणाली, "पत्र मिळालं का?"

"मिळालं. पण त्यात तू जिवंत आहेस असं लिहिलंय. पाऊस कुळातली म्हणून."

"मग," आईचा आवाज एकदम बारीक झाला, "मग नोकरी मिळेल का रे?"

कबरीत वाटली नाही तेवढी भीती त्याला त्या प्रश्नानं वाटली. "माहीत नाही, आई," तो म्हणाला.

फाटकावरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. उन्हात तीन तास उभा राहून तो खिडकीशी पोचला. आत एक तरुण कारकून मुलगी बसली होती. पुढं दोन खोकी. ती प्रत्येक पत्राचा शिक्का बघायची, ओळीवरून बोट फिरवायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायची. काबासोचं पत्र तिनं घेतलं. बोट फिरलं आणि मध्येच थांबलं. तिनं पत्र परत वरपासून वाचलं. त्याच्या पाठीला कबरीची गार चटई लागली.

"आई जिवंत?" ती म्हणाली.

"हो."

"सकाळपासून दोनशेदहा पत्रं घेतली," ती म्हणाली, त्याला की स्वतःला कोण जाणे. "सगळ्यांच्या आया इथल्या, आणि सगळ्यांच्या मेलेल्या. ही पहिलीच जिवंत."

तिनं पत्र उजवीकडच्या, कमी भरलेल्या खोक्यात टाकलं. "सोमवारी सहाला या. क्रेन चालू करून दाखवावी लागेल. पुढचा!"

काबासो बाजूला झाला. कारकून मुलीचं बोलणं रांगेत लांबपर्यंत ऐकू गेलं होतं. तिथं पन्नाससाठ माणसं होती, हातात पत्रं घट्ट धरलेली, आणि त्यांतलं कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.